पुणे ते बंगळूर, कुत्र्या-मांजरांसकट

एप्रिल सरत आला, शाळांचे निकाल लागले, की पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकाशी पॅकर्सवाल्यांचे ट्रक दिसू लागतात. बाणेर, वाकड, खराडी या भागांतून बंगळूरला जाणाऱ्या बिऱ्हाडांचा हा हंगाम. नोकरी बदललेली असते, मुलांचं नवं वर्ष जूनच्या आधी मार्गी लावायचं असतं, त्यामुळे मे महिन्यात हलण्यावाचून इलाज नसतो. पाळीव जनावरांच्या दृष्टीने मात्र लांबच्या प्रवासाला इतका वाईट महिना दुसरा नाही. फ्रिज, कपाटं, वॉशिंग मशीन यांची यादी पॅकर्सवाला स्वतः करतो आणि विमाही सुचवतो. कुत्रा, मांजर, माशांची टाकी या गोष्टी त्याच्या यादीत येत नाहीत. त्या आपल्यावर असतात आणि बहुतेक घरांत त्यांचा विचार शेवटच्या आठवड्यात सुरू होतो.

तो महिनाभर आधी सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. पुणे ते बंगळूर हे अंतर साधारण ८४० किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ४८ वरचं, दोन दिवसांत आरामात होणारं. जनावरासाठी स्थलांतर मात्र घरात पहिलं खोकं येतं त्या दिवशीच सुरू होतं आणि नव्या घरात ते बिनघोर झोपायला लागेपर्यंत चालू राहतं. रस्त्यावरचे दोन दिवस हा त्यातला सर्वांत लहान तुकडा आहे.

याचं कारण जनावराच्या घराच्या कल्पनेत आहे. कुत्र्याचं घर मुख्यतः माणसांचं आणि वेळांचं बनलेलं असतं. सकाळी कोण फिरवायला नेतं, जेवणाचं भांडं किती वाजता खडखडतं, रात्री कोणाच्या पलंगाखाली झोपायचं, हे टिकलं तर भिंती बदललेल्या त्याला पुष्कळ अंशी चालतात. मेंढ्या घेऊन दरवर्षी देशावरून कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यात हे दिसतं. घोड्यावर संसार, त्यावरच कोंबड्या, कळपाबरोबर कुत्री. मुक्काम रोज नवा, पण माणसं आणि मेंढरं तीच असल्यामुळे कुत्र्याला आपण परक्या जागी आलो असं वाटायचं कारण उरत नाही.

मांजराचं तसं नाही. मांजर प्रदेशाला धरून राहतं. त्याच्या गालांवर, कपाळावर, पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात आणि दाराची चौकट, सोफ्याचा कोपरा, आपले पाय यांवर गाल घासून ते आपल्या ओळखीचा वास लावत असतं. त्या वासाने भरलेली जागा ही त्याची सुरक्षित जागा. नव्या घरात त्याचा एकही कण नसतो. म्हणून स्थलांतराचा खरा धक्का मांजराला बसतो, आणि ते कोपऱ्यात गप्प बसून राहत असल्यामुळे आपल्याला वाटतं की ते शांत आहे.

तयारीचा पहिला भाग यातूनच येतो. मांजराचा प्रवासी पिंजरा निघायच्या दिवशी माळ्यावरून काढायचा नसतो. तो तीन-चार आठवडे आधी दिवाणखान्यात उघडा ठेवावा, आत त्याचं नेहमीचं अंथरूण घालावं आणि रोजचं खाणं हळूहळू पिंजऱ्यात सरकवत न्यावं. मग दार लावून पाच मिनिटं, नंतर गाडीत ठेवून सोसायटीला एक फेरी, पुढे शहराबाहेरपर्यंत. जे मांजर पिंजरा फक्त डॉक्टरकडे जाताना बघतं, ते तो दिसताच पलंगाखाली जातं आणि त्याला ओढून काढण्यात दोघांचेही हाल होतात. निघायच्या आधी पिंजऱ्यातलं अंथरूण मात्र धुऊ नये. स्वच्छतेची आपली हौस इथे आवरायला हवी, कारण त्या कापडातला वास हाच त्याचा प्रवासातला आधार असतो. कुत्र्याच्या चादरीलाही तोच नियम.

कागदपत्रांचं काम फार नाही, पण ते आधी करायचं आहे. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आले आहेत. कुत्र्या-मांजरांच्या वाहतुकीबरोबर पशुवैद्याचा आरोग्य दाखला असावा असं ते सांगतात. जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला रेबीजसह कुठल्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, असा तो दाखला. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला तो वाटेत कोणी मागेलच असं नाही, पण अपघात झाला, कोणाला चावा बसला किंवा मुक्कामाच्या जागी शंका निघाली तर तोच कामाला येतो. याच नियमांत लांबच्या प्रवासात कुत्र्या-मांजरांना उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावं असं म्हटलं आहे. मोठ्या जनावराला बारा तासांतून एकदा आणि पिल्लांना दर चार तासांनी खाणं, असंही आहे. रेबीजची लस टोचलेली नसेल किंवा मुदत संपली असेल तर ती महिनाभर आधीच द्यावी, कारण पहिल्या डोसनंतर पुरेसं संरक्षण तयार व्हायला साधारण तीन आठवडे जातात. लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो फोनमध्ये ठेवावा आणि मूळ प्रत हाताशी. ती ट्रकमधल्या खोक्यात गेली तर असून नसल्यासारखीच.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पुष्कळ घरांत पिंजऱ्यात आपला हिरवा पोपट असतो, काही ठिकाणी टाकीत पाठीवर चांदण्या असलेलं तारा-कासव. हे दोन्ही जीव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते घरात ठेवणंच गुन्हा आहे, मग राज्याची हद्द ओलांडून नेणं दूरच. लव्हबर्ड किंवा बजरीगार यांसारख्या परदेशी पाखरांची गोष्ट वेगळी. पोपट किंवा कासव घरात असेल तर स्थलांतराचं निमित्त करून वनविभागाशी बोलावं. जंगलात किंवा तळ्याकाठी गुपचूप सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला तिथे खाणं शोधता येत नाही.

सामान बांधायचा दिवस हा जनावर हरवण्याचा दिवस असतो. फ्लॅटचं दार सकाळपासून सताड उघडं, अनोळखी माणसांची ये-जा, चिकटपट्टीचा करकराट, आणि घरच्यांचं लक्ष काचेच्या भांड्यांत. मांजराला अशा वेळी न्हाणीघरात किंवा सर्वांत आधी रिकाम्या केलेल्या खोलीत ठेवावं. सोबत पाणी, मातीचा ट्रे आणि अंथरूण. दारावर मोठ्या अक्षरांत ‘दार उघडू नका, आत मांजर आहे’ असा कागद डकवावा, शक्य तर हिंदीतही. कुत्र्याला त्या दिवशी एखाद्या ओळखीच्या घरी ठेवलेलं उत्तम. दोघांच्याही गळपट्ट्यावर चालू फोन नंबर हवा. मायक्रोचिप बसवली असेल तर तिच्या नोंदीतला पत्ता बदलून घ्यावा. तांदळाएवढ्या त्या चिपमध्ये १५ अंकी क्रमांक असतो आणि तो वाचायला यंत्र जवळ धरावं लागतं. जनावर कुठे आहे हे ती चिप सांगू शकत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर गळपट्टा सोडू नये.

आता रस्ता, आणि रस्त्यावरचा सर्वांत मोठा धोका. तो अपघाताचा नाही, उन्हाचा आहे.

कुत्र्याच्या शरीराचं तापमान मुळात ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आपल्यासारखा घाम त्याला येत नाही. पंजांच्या तळव्यांत थोड्या घामग्रंथी असतात, पण अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचं मुख्य काम जीभ बाहेर काढून धापण्याने होतं. तोंडातला आणि श्वासमार्गातला ओलावा वाफ होऊन जातो आणि रक्त गार होतं. भोवतालची हवाच तापलेली आणि दमट असेल तर ही यंत्रणा कोलमडते. पग, शिट्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा आणि पर्शियन मांजरांचा श्वासमार्ग आधीच अरुंद, त्यामुळे त्यांना हा त्रास फार लवकर होतो. अंगातलं तापमान ४१ अंशांपलीकडे गेलं की उष्माघात. मेंदू, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची क्रिया, सगळ्यांवर एकाच वेळी घाला पडतो.

उभ्या गाडीत हे किती झपाट्याने होतं, त्याचं मोजमाप अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलं होतं. ते २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. बाहेर २२ अंश असतानाही उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात ४७ अंशांपर्यंत पारा चढला. एकूण वाढीपैकी ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा बोटभर उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही, आणि आधी एसी लावून गाडी गार केली तरी जेमतेम पाच मिनिटं जास्तीची मिळाली. २२ अंश म्हणजे बंगळूरची सुखद सकाळ. मे महिन्यातली कराडची किंवा हुबळीची दुपार मनाशी आणून पाहा. चहासाठी थांबलात तर कोणीतरी एक जण जनावरांबरोबर राहिला पाहिजे, एसी चालू ठेवून किंवा सावलीत बाहेर उतरून. यात सूट नाही, पाच मिनिटांचीही नाही.

कुत्रं जोरजोरात धापतंय, हिरड्या लालभडक झाल्यात, लाळ चिकट झालीय, पाय लटपटतायत, तर आधी सावली, मग अंगावर साधं गार पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, उष्णता आत कोंडते. गार करत करतच डॉक्टर गाठायचा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापायला लागलं तर ते कधीच साधं समजू नये. या रस्त्यावर पुण्याहून निघाल्यावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बंगळूरला हेब्बाळचं जुनं महाविद्यालय आहे. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे इथल्या एकेका जनावरांच्या डॉक्टरचा नंबर निघायच्या आधी मिळवून कागदावर लिहून ठेवावा. मोबाइलची रेंज आणि बॅटरी हव्या त्या वेळी असतेच असं नाही.

गाडीत जनावर मोकळं ठेवू नये, हे लोकांना पटवणं अवघड जातं. कुत्र्याने खिडकीतून डोकं काढून वारा खाणं आपल्याला गोड वाटतं. गणित मात्र सरळ आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी आदळून थांबली की आतल्या मोकळ्या कुत्र्याला बसणारा धक्का सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. महामार्गावर आपण याच्या दुप्पट वेगाने असतो आणि तेव्हा तो धक्का चौपट होतो. २० किलोचं कुत्रं अशा वेळी स्वतः तर मरतंच, पुढच्या माणसालाही घेऊन जातं. म्हणून कुत्र्याला छातीवरून जाणारा हार्नेस घालून तो मागच्या सीटच्या पट्ट्यात अडकवावा. गळपट्ट्याला पट्टा बांधून अडकवू नये, मान मोडते. मांजराचा पिंजरा पुढच्या सीटच्या मागे खाली, पायांच्या जागेत घट्ट बसवावा, वर पातळ चादर. मोकळं मांजर घाबरलं की अंधारी, अरुंद जागा शोधतं आणि गाडीतली तशी जागा म्हणजे ब्रेकच्या पेडलखालची. ट्रकच्या हौद्यात सामानाबरोबर जनावर पाठवायचा विचारही करू नये.

गाडी लागणं हा दुसरा प्रश्न. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव हालचाल नोंदवतो आणि डोळ्यांना मात्र गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो, या विसंवादातून मळमळ होते. पिल्लांमध्ये ही यंत्रणा अजून पक्की झालेली नसते, म्हणून त्यांना जास्त लागते आणि वय वाढलं की बहुतेकांचं थांबतं. निघण्याच्या तीन-चार तास आधी हलकं खाणं द्यावं, पाणी तोडू नये. पुण्याहून तासाभरातच खंबाटकीचा घाट लागतो, तेव्हा पोट भरलेलं नसलेलं बरं. उलटी थांबवणारं मारोपिटंट हे कुत्र्यांसाठीचं औषध डॉक्टर देऊ शकतात, आणि घाबरणाऱ्या मांजरांना प्रवासाआधी गॅबापेंटिन देण्याची पद्धत आता रूढ आहे. औषध कुठलंही असो, त्याचा एक डोस निघण्याआधी घरीच देऊन बघावा. ‘झोपेची गोळी द्या म्हणजे प्रवासभर पडून राहील’ अशी मागणी अनेक जण करतात. ती करू नये. अॅसेप्रोमाझिनसारख्या गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान राखण्याची क्षमता कमी होते आणि भीती मात्र आत तशीच राहते. जनावर नुसतं हलायचं थांबतं. आपल्या डब्यातली गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

पहाटे उजाडायच्या आत निघावं. सातारा, कराड मागे टाकून कोल्हापूर सकाळी गाठता येतं, ते साधारण २३० किलोमीटरवर आहे. मग निपाणी, बेळगाव, आणि दुपारच्या उन्हाचा कडाका वाढेपर्यंत धारवाड-हुबळी. इथे निम्मा रस्ता संपतो. मुक्काम इथेच करावा आणि दुसऱ्या पहाटे हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत बंगळूर. एका दमात जाणारे पुष्कळ आहेत, पण जनावर बरोबर असताना मी तो सल्ला कोणाला देणार नाही. लॉजला आधी फोन करून कुत्रा-मांजर चालेल का हे स्पष्ट विचारावं. खोलीत शिरल्यावर मांजराचा पिंजरा उघडण्याआधी पलंगाखाली आणि कपाटामागे वाकून बघावं. बॉक्सच्या पलंगाला मागून फट असेल तर मांजराला रात्रभर न्हाणीघरातच ठेवलेलं बरं.

थांब्यावर क्रम एकच: आधी पट्टा हातात, मग गाडीचं दार. ढाब्यांवर आणि पेट्रोलपंपांवर भटकी कुत्री असतातच आणि ती आपली हद्द राखतात. डांबर तापलेलं असेल तर हाताची पालथी बाजू त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघावी. आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होणार नाही. लसीचे सगळे डोस न झालेल्या पिल्लाला ढाब्याच्या मातीत उतरवूच नये. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकून राहतो. आणि खाणं घरचंच. आपल्या या महामार्गावरच्या जवळपास प्रत्येक ताटात कांदा असतो, मिसळीत, भजीत, रश्श्यात. कांदा-लसणातल्या घटकांनी कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. लाडाने दिलेला भजीचा तुकडा एकदाच पडला तर मोठ्या कुत्र्याला कदाचित काही होणार नाही, पण मांजराला कांदा कुत्र्याहूनही जास्त बाधतो. मनुके आणि चॉकलेट यांच्यापासूनही दोघांना लांब ठेवावं.

माशांबद्दल लोक सर्वांत कमी विचार करतात, आणि त्यांचंच शास्त्र सर्वांत नाजूक आहे. भरलेली टाकी कधीही हलवू नये, काचांचे सिलिकॉनचे सांधे सुटतात. मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्यायचे, एक भाग पाणी आणि दोन भाग वायू, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात. मत्स्यालयाच्या दुकानात हे भरून देतात. निघण्याआधी एक-दोन दिवस त्यांना खायला घालू नये. उपाशी मासा पाणी कमी घाण करतो आणि एवढा उपास त्याला सहज झेपतो. खरी जपायची गोष्ट आहे फिल्टरमधला मळकट स्पंज. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो, आणि स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज नळाच्या पाण्याने धुतला तर क्लोरिनने ते मरतात, वाळू दिला तरी मरतात. म्हणून तो जुन्या टाकीच्याच पाण्यात भिजलेला, हवा राहील अशा डब्यात, बरोबर न्यावा.

पिशवीतलं रसायन आणखी वेगळं वागतं. बंद पिशवीत मासे श्वास सोडतात तसा कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे अमोनिया फारशा विषारी नसलेल्या अमोनियम रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया पुन्हा विषारी होतो. म्हणून पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यावी, तापमान जुळलं की उघडून मासे जाळीने लगेच टाकीत घ्यावेत आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यावं. पुण्यात नळाला धरणाचं पाणी येतं. बंगळूरच्या कितीतरी सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात आणि ते पाणी क्षारांनी जड असतं. हा बदल एका झटक्यात माशांना सोसत नाही. जुन्या टाकीचं पाणी कॅनमध्ये भरून नेऊन नवी टाकी आधी निम्मी त्यानेच भरावी आणि नवं पाणी पुढच्या काही दिवसांत थोडं थोडं मिसळावं.

नव्या घरी पोहोचल्यावर मांजराला सगळं घर एकदम देऊ नये. एक खोली, दार-खिडक्या बंद, मातीचा ट्रे एका कोपऱ्यात आणि खाणं दुसऱ्या. लपायला एखादं रिकामं खोकं, आणि न धुतलेलं अंथरूण. ते बाहेर येऊन खायला लागलं, वस्तूंवर गाल घासू लागलं की मग एकेक खोली उघडत जायचं. घराबाहेर निदान दोन-तीन आठवडे सोडू नये. दोन दिवसांच्या वर काहीच न खाल्लेल्या मांजराला डॉक्टरकडे न्यावं, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि तो आजार जिवावर बेततो. मांजर निसटलंच तर लांब धावू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश मांजरं सुटलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. जिन्याखाली, पार्किंगमधल्या गाड्यांखाली, पंपाच्या खोलीत, शेजारच्या बाल्कनीत बॅटरी घेऊन शोधावं, आणि तेही रात्री, आवाज कमी असताना.

कुत्र्याला पहिले काही दिवस त्याच वेळी फिरवायचं, तेच खाणं, तीच भांडी. अन्न बदलायचं असलं तर आठवडाभर थांबून हळूहळू बदलावं. नव्या वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांची हद्द कुठून कुठे आहे हे आधी एकट्याने फिरून बघावं आणि आपला रस्ता त्याप्रमाणे ठरवावा. पावसाळा तोंडावर असतो, म्हणून लेप्टोस्पायरोसिसची लस आणि गोचीड-प्रतिबंधक औषध वेळेवर द्यायला हवं. महापालिकेत कुत्र्याची नोंद नव्याने करावी लागते, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. सोसायटीने कुत्रा ठेवण्याला किंवा लिफ्टमधून नेण्याला हरकत घेतली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. पाळीव जनावरांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं त्यांत म्हटलं आहे. त्याच सूचनांत आवार स्वच्छ ठेवण्याची आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देण्याची जबाबदारी आपल्यावरही टाकली आहे, म्हणून पहिल्या फेरीपासूनच खिशात पिशवी असू द्यावी.